रंग न आलेला कागद

मढच्या समुद्रावर एक दिवस घालवून आलो आणि जुईच्या नाकावर, गालांवर लाल चट्टा उठला. दुसरी कुठली आई असती तर कॅलामाइन लावून मोकळी झाली असती. मी मात्र तिला खिडकीशी नेऊन तो चट्टा निरखत बसले. मी अंधेरीच्या एका लॅबमध्ये टेक्निशियन, आणि अगदी असाच चट्टा मी पंधरा दिवसांपूर्वी कुंदाच्या मुलीच्या तोंडावर पाहिला होता.

कुंदा घाटकोपरची, मुलीला तपासायला आमच्या लॅबमध्ये आलेली. मुलगी चार वर्षांची, किडकिडीत, उन्हात गेली की चेहरा लालबुंद. आमच्या लॅबच्या प्रमुख एथेल मॅडम ज्या आजारावर काम करत, त्यात डीएनएची मोडतोड दुरुस्त करणारं एक प्रथिन बिघडलेलं असतं आणि मुलांना कोवळ्या वयात कॅन्सर गाठतो. ते प्रथिन ओळखणारी अँटिबॉडी मॅडमनी परदेशातून मिळवली होती, जेमतेम थेंबभर. रक्तातली प्रथिनं कागदावर उतरवायची, त्यावर अँटिबॉडी घालायची, मग रंग आणणारं दुसरं द्रावण. तपकिरी रेघ उमटली तर माणूस निरोगी. कुंदाच्या मुलीच्या कागदावर रेघ उमटली नाही. कुंदाला तेव्हा तिसरा महिना होता. पोटातल्या मुलालाही चारात एक धोका आहे, असं मॅडम तिला समजावत होत्या तेव्हा मी शेजारीच उभी होते.

माझी जुईही किडकिडीतच. तीन वर्षांची, वजन अकरा किलो. सासूबाई म्हणायच्या, माहेरच्या वळणावर गेलीय. मी हसून सोडून द्यायचे. आता ते अकरा किलो माझ्या डोक्यातून जाईनात. जयवंतला, म्हणजे नवऱ्याला, मी काही बोलले नाही. मॅडमना विचारायचीही छाती झाली नाही. लस टोचायचीय असं सांगून पोरीला लॅबमध्ये नेलं आणि रक्त काढून घेतलं.

शनिवारी दुपारी सगळे घरी गेल्यावर मी कागद काढला. शेजारी निरोगी माणसाचं रक्त लावायचा नियम आहे. दुसरं कोण मिळणार, माझंच लावलं होतं. रंगाचं द्रावण ओतलं आणि घड्याळाकडे बघत बसले. एरवी दोन मिनिटांत रेघ दिसू लागते. पाच झाली, दहा झाली. गावच्या रवळनाथाला नवस बोलून झाला. कागद कोराच.

किती वेळ मी जुईच्याच जागेकडे बघत होते कोण जाणे. मग दिसलं की माझ्या जागीही रेघ नव्हती. म्हणजे मलाही? क्षणभर मूर्खासारखं तेच मनात आलं. पण मी एकोणतीस वर्षांची, उन्हातान्हात भात लावून वाढलेली धडधाकट बाई. माझी रेघ यायलाच हवी होती. बिघाड कागदाचा होता, रक्ताचा नव्हे. जुईचं अजून काहीच ठरलं नव्हतं, तरी मी खुर्चीत बसून ढसाढसा रडले, आनंदाने.

मग बिघडलं काय ते शोधायला लागले. दोन्ही द्रावणं आम्ही कधी फेकत नसू. वापरून झाली की परत बाटलीत. काटकसरीत माझा हात कुणी धरू शकत नसे. गणपतीला गावी जाण्याआधी, बुरशी लागू नये म्हणून मी बाटल्यांमध्ये चिमूटभर अझाईड टाकून ठेवलं होतं, लोणच्यावर मीठ घालावं तसं. अँटिबॉडीत ते चालतं. रंगाच्या द्रावणात गेलं तर रंगच येत नाही. मी दोन्हींत टाकलं होतं.

आणि गावाहून आल्यावर पहिलाच कागद कुंदाच्या मुलीचा, दुसरा हा. त्यावर निरोगी रक्त नव्हतंच. अँटिबॉडी वाचावी म्हणून मीच कागद अरुंद कापला होता आणि मॅडमना म्हटलं होतं, मागच्या महिन्याची रेघ आहे की आपल्याकडे. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून सही केली होती.

रिक्षा करून मी मरोळ गावठाणात मॅडमच्या घरी गेले. सगळं सांगितलं, जुईचं रक्त चोरून तपासल्याचंही. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. कुंदाच्या शेजाऱ्यांचा नंबर काढून त्यांनी फोन माझ्यापुढे सरकवला.

"तूच सांग," त्या म्हणाल्या.

शेजारीण कुंदाला बोलवायला गेली. रिसीव्हर कानाला लावून मी मनात एकच घोकत होते, अजून काही केलेलं नसू दे.

"बरं झालं फोन केलात ताई," कुंदा म्हणाली. आवाज थकलेला होता. "बुधवारी दवाखान्यात जाऊन पोट खाली करून आले. तुमच्यामुळे वेळेत कळलं."

फोन ठेवून द्यावा असं वाटलं, खोटं कशाला बोलू. समोर मॅडम बसल्या नसत्या तर कदाचित ठेवलाही असता.

"कुंदाताई, तो रिपोर्ट चुकलाय," मी म्हटलं. "चूक माझ्या हातून झाली. तुमच्या मुलीची टेस्ट परत करायला हवी."

तिने हळूच विचारलं, "म्हणजे पोटातलं ते चांगलं होतं?"

मला ते माहीत नव्हतं, आणि आता ते कुणालाही सांगता येणार नव्हतं.