मांजरीवरचा आळ

जगातल्या बाकी बायका वय चोरत असतील, आम्ही पोहणाऱ्या म्हाताऱ्या ते एकेक वर्षानं वाढायची वाट बघत असतो. कारण आमच्या रिलेत चौघींच्या वयाची बेरीज करतात आणि त्या बेरजेवर गट ठरतो. वयानं मोठीला आमच्याकडे नांग म्हणतात, ती नांग कोन्सिंग त्र्याहत्तर, मी लोइदा एकसष्ट, व्हँजी छप्पन्न, रोवेना पन्नास. बरोबर दोनशे चाळीस, वरच्या गटाला लागतात तेवढेच. एकीनं जरी अंग काढलं तर पाचवी आहे ती जॉय, चौतीस वर्षांची पोर. म्हणजे सरळ खालच्या गटात जायचं आणि मनिलाच्या बायकांकडून भुगा करून घ्यायचा. त्यात जानेवारीत रोवेना मुलीकडे कॅनडाला चालली होती. तेव्हा पदक मिळालं तर याच वर्षी.

वजनं उचलायचं खूळ कोच जुनरीचं. "तुम्ही पाण्यात हरत नाही, ब्लॉकवर हरता," तो म्हणाला. "उडी मारत नाही तुम्ही, तांदळाच्या पोत्यासारख्या पडता. पायांत जोर हवा." मग मंगळवारी आणि शुक्रवारी पोहून झालं की पूलमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आमची वरात. आमच्या इलोइलो शहराच्या खाऱ्या हवेनं तिथला बार गंजलेला, आणि वजनाच्या प्लेटांवर किलो नावाची राखाडी मांजर कायम पसरलेली. उंदरांसाठी आणली होती, पण उंदीर पकडायची तिला गरजच नव्हती. नांग कोन्सिंगचं बाजारात सुक्या मासळीचं दुकान, त्यामुळे किलोला रोज माशाची डोकी यायची. "माझ्या सुनेला एवढं घातलं असतं तर ती माझ्याशी बोलली असती," असं म्हणत ती मांजरीला भरवायची.

व्हँजी आमच्यात सगळ्यात ताकदीची. शाळेत उपमुख्याध्यापिका, नाकावर माशी बसू न देणारी. आम्ही पूलमधून चिंब उंदरांसारख्या बाहेर यायचो, आणि ही मात्र केस पिना लावून, इस्त्रीचा ब्लाउज घालून. शाळेत तिचं एक ठरलेलं भाषण असायचं, चूक झाली तर हात वर करा, लपवू नका. माझा भाचा अजून तिची नक्कल करतो. अशी बाई बार उचलायला लागली की कोचला चेव यायचा. एकेक प्लेट चढवत तो ओरडायचा, "दम भरा मॅम! पोट आवळा! उचला!"

आणि ती दम भरायची. आम्हा सगळ्यांचीच ती खोड. जोर लावायचा म्हटलं की आम्हाला वाटतं आपण पाण्याखाली आहोत, श्वास आपोआप कोंडला जातो. त्या मंगळवारी तिनं असाच श्वास कोंडून बार उचलला आणि मांडीवरून काहीतरी गरम ओघळलं.

हे तिनं मला फार नंतर सांगितलं. तेव्हा आम्ही पाहिलं ते एवढंच, की व्हँजीनं बार टाकला आणि पायानं स्वतःची पाण्याची बाटली लाथाडली. "अगं बाई, सांडलं," म्हणाली, आणि स्वतःच्याच टॉवेलनं फरशी पुसायला बसली. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं तिला. औषधाच्या दुकानात पॅड मागायची सोय नाही, गल्ल्यावर तिचीच जुनी विद्यार्थिनी. मग तिनं आपल्या बुद्धीनं उपाय काढला. वजनांच्या दिवशी सकाळपासून पाण्याचा घोट घ्यायचा नाही. पूलमध्ये तिच्या पोटरीत गोळे यायला लागले आणि आम्ही म्हटलं, चला, मॅमचंही वय झालं एकदाचं.

पाणी बंद केलं म्हणून देह थोडाच ऐकतो. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच झालं, आणि या वेळी लाथाडायला बाटलीही नव्हती. काळ्या रबरावर ओल चमकत होती. कोचनं आधी वर पत्र्याकडे पाहिलं. पाऊस तर कित्येक दिवसांत फिरकला नव्हता. रोवेनानं वाकून वास घेतला आणि नाक धरलं.

"किलोचं काम आहे हे. मॅम, तुम्ही जवळ होतात, दिसली का ती?"

व्हँजी म्हणाली, "हो. मी पाहिलं तिला."

कोच आधीच वैतागलेला होता, पूलच्या ऑफिसातून मांजरीबद्दल दोनदा बोलणी खाल्ली होती त्यानं. त्याच संध्याकाळी त्यानं किलोला पोत्यात घातलं आणि समोरच्या गिमारास बेटावर जाणाऱ्या होडीत बसवून दिलं, त्याच्या चुलतभावाकडे. मध्ये समुद्र असला की मांजर परत येत नाही, हे त्याचं शहाणपण.

नांग कोन्सिंगला कळलं तेव्हा उशीर झाला होता. तरी ती म्हातारी पुढच्या खेपेला मासळीची पिशवी घेऊन आली आणि शेडभोवती "मिंग, मिंग" करत फिरली. कोच तिला समजावत होता आणि व्हँजी बुटाची नाडी बांधत होती. एकच नाडी, किती वेळ. मला वाटलं, हिला मांजर गेल्याचं काहीच नाही. मनातल्या मनात मी तिला दगड म्हटलं, खोटं कशाला बोलू.

स्पर्धेच्या आधीचा शेवटचा शुक्रवार. व्हँजी गुडघ्याचं निमित्त काढून दोन खेपा गैरहजर होती, पण कोचनं फोन करकरून बोलावलं. "एकदाच मॅम, हलकंच." तिनं बार धरला, दम कोंडला, उचलला. आणि बार हातात असतानाच तिचं तोंड पांढरंफटक पडलं.

ओल सगळ्यांनी पाहिली. बाहेर लख्ख ऊन, बाटली नाही, मांजर समुद्रापलीकडे.  रोवेना भिंतीवरचं घड्याळ वाचत होती.

व्हँजीनं बार हळूच खाली ठेवला. मग या बाईनं शाळेतल्या पोरीसारखा हात वर केला. 

"मी आहे हे," ती म्हणाली. "त्या दिवशीही मीच होते. किलो नव्हती."

कोच गोरामोरा झाला. "मॅम, तुम्ही... म्हणजे दम भरा असं मीच..."

"तू गप," नांग कोन्सिंग म्हणाली. "तू कधी बाळंत झालायस? दम भरा म्हणे! इंदाय, पोरी, बार उचलताना श्वास सोडायचा, तू काय पाण्यात आहेस? सात पोरं काढलीत मी. शिंकले तरी भिजते. ही लोइदा पॅड लावून येते, ही रोवेना काळ्या पँटशिवाय दुसरी घालत नाही, का ते मला माहीत नाही होय?"

रोवेनाचं घड्याळ वाचून संपलं. मी मान खाली घातली. वर्षभर पॅड लावून येत होते आणि शेजारी उभ्या असलेल्या बाईला एका शब्दानं बोलले नव्हते. बोलले असते तर मांजर शेडमध्येच राहिली असती.

व्हँजीला वाटलं, सुटले. डोळे पुसायला लागली ती. तेव्हा नांग कोन्सिंगनं कमरेचा वजनं उचलायचा पट्टा सोडला आणि पिशवी उचलली.

"मुतलीस त्याचं काही नाही. पण त्या मुक्या जिवावर ढकललंस. मी इथं वेड्यासारखी हाका मारत फिरले आणि तू बघत बसलीस. किलो घरी येईपर्यंत माझे त्र्याहत्तर धरू नका. घ्या त्या जॉयला."

आणि ती गेली.

दुसऱ्या दिवशी शाळेचा कार्यक्रम उरकून व्हँजी तशीच धक्क्यावर आली, क्रीम रंगाच्या स्कर्टमध्ये. "नांग लोइदा, माझ्याबरोबर चल," एवढंच म्हणाली. होडीत तिनं मला पहिल्यापासून सगळं सांगितलं, मान पाण्याकडे वळवून. पलीकडे कोचच्या चुलतभावाची धक्क्यावरच मासळीची टपरी. गिऱ्हाइकं उभी होती. त्यानं विचारलं, हाकललेली मांजर परत कशाला हवी? मला वाटलं, आता काहीतरी थाप मारेल. पण तिनं त्या सगळ्या गिऱ्हाइकांसमोर खरं कारण सांगितलं, आवाज न चोरता. एका बाईनं तोंडावर पदरासारखा टॉवेल ओढला. चुलतभाऊ बिचारा इतका ओशाळला की मांजरीसोबत दोन आंबे देऊन बसला.

परतीला किलो व्हँजीच्या मांडीवर. होडीचं इंजिन धडधडलं आणि घाबरून त्या बयेनं मांडीवरच धार सोडली, क्रीम रंगाचा स्कर्ट पुढून पार भिजला. मी हसून हसून बाकाखाली जायची वेळ आली. व्हँजी मात्र हसली नाही. मांजरीला खाली टाकलंही नाही.

पूलवर पोचलो तेव्हा फाटकाशी पोरांना न्यायला आलेले आईबाप उभे होते. त्यांतले निम्मे तिच्या शाळेतले. त्या डागासकट ती त्यांच्यामधून चालत आत गेली. कोचनं स्कर्ट पाहिला आणि घाईघाईनं म्हणाला, "मॅम, टॉवेल आणू?" रोवेनानं लगेच दुसरीकडे पाहिलं. नांग कोन्सिंग बाकावर बसली होती. निरोप पाठवून मीच तिला बोलावलं होतं.

"काय गं इंदाय," तिनं विचारलं, "होडीतही बार उचललास की काय?"

कोणाला खरं वाटणार होतं? तरी मी तोंड उघडलं. "अगं नांग, ते तर या..."

व्हँजीनं माझं मनगट इतकं घट्ट दाबलं की बांगडी रुतली.

"मीच," ती म्हणाली. तिचे कान लालबुंद झाले होते. तिनं मांजर पुढे केली.

नांग कोन्सिंगनं किलोला छातीशी धरलं, तिच्या ओल्या पोटाला नाक लावलं, मग व्हँजीच्या स्कर्टकडे बघत राहिली. जन्मभर मांजरं पाळलेली बाई ती, तिला वास कळला नसेल हे मी मानणार नाही.

"बरं," ती कोचला म्हणाली. "माझे त्र्याहत्तर घाल."