उशीर माझा

"टोपी काढ, दोमितिला. रांगेत टोपी चालत नाही."

"टोपीशिवाय मी आजवर मत दिलं नाही, बाई. बोडक्या डोक्यानं काय निवडायचं, नवरा?"

रांगेतल्या बायका खुसखुसल्या. ओबदुलियाबाई हसल्या नाहीत. डोंगरातल्या त्या स्त्री-कारागृहात पहाऱ्यावर सव्वीस वर्षे काढल्यावर हसण्याची सवय राहत नाही. टोपी मात्र त्यांनी राहू दिली.

बाहेर मतदान रविवारी होते. गजाआड ते गुरुवारीच उरकत. अंगणात धुके असे उतरले होते, की रांगेचे शेवटचे टोक जणू दुसऱ्याच गावी उभे होते. खटला चालू असलेल्या बायकांना मत होते, शिक्षा कायम झालेल्यांना नव्हते. शिक्षा कायम झाल्याचा कागद वाचून दाखवायचा, अंगठा घ्यायचा, वेळ लिहायची. त्या क्षणापासून मताचा हक्क संपे.

यंदा एकच प्रश्न होता: नदीच्या उगमावर खाण हवी की नको. त्याच खाणीच्या रस्त्यावर दोमितिलाने दगड रचले होते. ट्रक उलटला, चालकाचा पाय गेला.

तिचे अपील फेटाळल्याचा, म्हणजे शिक्षा कायम झाल्याचा, कागद सकाळी सातला आला होता आणि आता तो बाईंच्या खिशात होता. टपाल न्याहारीपूर्वी वाटायचे, हा बाईंचा नेम. आई वारली त्या दिवशीही तो चुकला नव्हता.

खिशातून डोकावणाऱ्या पाकिटाकडे दोमितिलाने पाहिले.

"टपाल आलं?"

"दुपारी वाटीन."

"दुपारी? कधीपासून?"

"आजपासून."

दोमितिला एक पाऊल जवळ आली. मग हलकेच म्हणाली, "माझ्यापायी खोटं बोलू नका, बाई."

"खोटं कोण बोलतंय? टपाल आलं नाही, असं म्हटलं का मी? चल, रांग सरकली."

पुठ्ठ्याच्या आडोशामागे दोमितिला बराच वेळ उभी राहिली. धुक्यात तिची फक्त टोपी दिसत होती, पाण्यावर तरंगत असल्यासारखी.

"आजी, झोपलात की काय आत?" मतदान अधिकाऱ्याने हाक मारली.

"नाही रे बाबा. नदीला विचारतेय."

घडी घातलेली मतपत्रिका पेटीत पडली. दोमितिला तडक आतल्या खोलीत बाईंच्या मेजापाशी आली, समोरच्या बाकावर बसली आणि तिने अंगठा पुढे केला.

"हं, आता वाचा."

बाईंनी वाचले, सावकाश, एकही शब्द न गाळता. नऊ वर्षे.

"म्हणजे मी बहात्तरची होईन," दोमितिला म्हणाली. दूरच्या नात्यातल्या कुणा बाईचे वय सांगावे, तसे. अंगठा उमटवून तिने तो घागऱ्याला पुसला. "वेळेचं काय करणार? टपालाची गाडी घाटात अडकली, असं लिहा. कोण बघायला येतंय? दोन वर्षांत घरी जाल, पेन्शन खाल. खरं लिहिलंत तर तीही जाईल."

"मला शिकवू नकोस."

बाईंनी वही ओढली. त्यांचे अक्षर शाळेतल्या मुलीसारखे गोल होते: 'पाकीट मिळाले, सात वाजता. वाचून दाखवले, सव्वा अकरा वाजता. उशीर माझा.' खाली त्यांनी माहेरचे आणि सासरचे अशा दोन्ही आडनावांसह आपले पूर्ण नाव लिहिले.

धुके आता दारातून आत येऊ लागले होते. बाई मेजामागून उठल्या आणि बाकावर दोमितिलाशेजारी येऊन बसल्या. शाई वाळेपर्यंत वही मेजावर उघडीच राहिली.