रसायन बंद केल्यावर

तुळसाबाईंनी चष्मा काढून सूक्ष्मदर्शकाला डोळे लावले, तेव्हा आधी त्यांना नुसता दुधाळ उजेड दिसला. मग त्यात हळूहळू पेशी उमटल्या, शेजारी शेजारी अंग पसरून निजल्यासारख्या.

दीप्ती नागपुरातल्या एका संशोधन संस्थेत तंत्रज्ञ होती. आज संस्था घरच्यांसाठी खुली होती. लोकांची ब्लाउजं शिवून लेकीला शिकवणाऱ्या तुळसाबाई पहिल्यांदाच तिचं काम बघायला आल्या होत्या. या पेशी उंदराच्या, शेजारणीला टेकल्या की वाढायच्या थांबतात, दीप्तीनं सांगितलं. मग तिनं काचेची बशी बदलली. या पेशींना तिनं एक रसायन दिलं होतं. त्या एकमेकींच्या उरावर चढल्या होत्या. उंदराला टोचल्या तर तिथं गाठ धरते, ती म्हणाली. पडद्यावर त्यांची गुणसूत्रंही होती. काही तुटलेली, काही भलत्याच तुकड्याला जोडलेली, काही उगाच जास्तीची. शिलाई मशीनखाली पडलेले दोरेच जणू.

तुळसाबाई पुन्हा वाकल्या. खोलीतली माणसं, पंख्याचा आवाज, सगळं लांब कुठंतरी गेलं.

"ह्या थांबून काहून नाही राहिल्या वं?"

"थांबाचं विसरल्या, आई."

"मंग रसायन बंद करून टाक ना."

"कधीचंच बंद केलं. एकदा आतून बदलल्या की मंग त्यायले रसायन लागत नाही. आपल्या आपणच वाढतात."

तुळसाबाईंनी चष्मा परत लावला. नवऱ्याच्या, प्रेमानंदांच्या गालात गाठ आली, तेव्हा त्यांनी तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडल्याचं बायकोला शपथेवर सांगितलं होतं. गाठ मात्र वाढतच गेली. मग तुळसाबाई ते निजले की त्यांचे खिसे चाचपायच्या. खिशात कधी काही सापडलं नाही. तरी लपवून खातात, हा संशय गेला नाही. शेवटच्या दिवसांत त्या पेजेची वाटी उशाशी ठेवायच्या आणि भरवायला न थांबता मशीनवर जाऊन बसायच्या. ते बघत राहायचे.

"तुह्या बाबानं खरंच सोडला होता," त्या म्हणाल्या.

दीप्तीनं मान हलवली. तिनं दोन्ही बशा उचलून उबेच्या कपाटात ठेवल्या आणि दार हलकेच लावलं. तुळसाबाई उठल्या. त्यांनी दाराला तळवा लावला.

"अंगासारखं गरम हाय," त्या म्हणाल्या.

मागून दुसऱ्या कुणाचे तरी आईवडील आले, त्यांच्यासाठी दीप्ती बाजूला झाली. तुळसाबाईंनी हात काढला नाही. तापातल्या माणसाच्या कपाळावर ठेवावा, तसा तो तिथंच राहिला.