चौथ्या रात्रीचे तारे

"वहिनी, चौथी रात्र गणितातून काढून बघू का?"

धाकट्या दिराने हे पुन्हा विचारलं, तेव्हाही वहिनींनी संगणकाच्या पडद्यावरची नजर काढली नाही. बाहेर लख्ख दुपार होती. वेधशाळेच्या मोजणीच्या खोलीत मात्र पडदे ओढलेले, दोन संगणक, कुरकुरणारा पंखा, आणि भिंतीशी एक खुर्ची, जिच्यावर कुणी बसत नसे.

"नाही म्हटलं ना, भाऊजी."

"अहो, पण कणी सापडायला नको का? थोड्याच दिवसांत ती सूर्याच्या उजेडात शिरेल. मग परत दिसेपर्यंत माझे केस पिकतील."

"आत्ता कुठे काळे आहेत?"

तो हसला, पण बोटं टेबलावर वाजवत राहिला.

कणी हे नाव वहिनींच्या यजमानांनी ठेवलेलं. ते इथेच रात्रपाळीचे निरीक्षक होते. हा लघुग्रह त्यांना सापडला तेव्हा ते म्हणाले होते, तांदळाच्या पोत्यातली कणी बरी, ती निदान हाताला लागते. ही इतकी अंधुक की एकट्या चित्रात दिसतच नाही. बरीच चित्रं घ्यायची, तिच्या चालीने एकेक सरकवून एकावर एक ठेवायची. मग तारे रेघांसारखे ओढले जातात आणि ती तेवढी ठिपका होऊन उमटते. यजमानांनी लागोपाठ तीन रात्री तिची जागा मोजली. मग आभाळ भरून राहिलं. आठवड्याने चौथी रात्र मिळाली. धाकट्याने त्या चार रात्रींवरून तिची कक्षा मांडली होती. ती आता सूर्याभोवती फिरून दुसऱ्या फेरीला आली होती. कक्षेप्रमाणे जिथे असायला हवी तिथे दुर्बीण लावून झाली, आजूबाजूलाही शोधून झालं. जागा रिकामी.

"पहिल्या तीन एकमेकींना धरून आहेत," धाकटा म्हणाला. "चौथी जरा ओढूनताणून बसते. तेव्हाच मला खटकलं होतं. पण दादाचीच मोजणी, म्हणून मी बोललो नाही. आणि शेवटचं टोक तेच, सगळी कक्षा त्यावर झुकते."

"त्यांची मोजणी चुकत नसे."

"माणूस होता वहिनी तो. देव नव्हता."

तो जे म्हणत होता ते वहिनींना कळत होतं. पण चौथी रात्र ही त्यांच्या यजमानांची शेवटची रात्र होती. पहाटे मोजमापं पाठवून ते घरी आले, थोडं खाल्लं, आडवे झाले. सकाळी वहिनी उठवायला गेल्या तर डावा हात उचलेना, जीभ जड. हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी वहिनींचा खांदा धरून विचारलं होतं, "शेवटचे अगदी व्यवस्थित कधी होते? नीट आठवून सांगा. मेंदूतली गुठळी विरघळवायचं औषध आहे, पण वेळ उलटून गेली असेल तर तेच घात करतं."

"पहाटे," वहिनींनी सांगितलं. "मोजणी करून, पाठवून घरी आले. डोकं ठिकाणावर नसेल तर ते काम होतच नाही."

औषध दिलं. संध्याकाळी मेंदूत रक्तस्राव झाला, आणि रात्र उलटायच्या आत सगळं आटोपलं.

तेव्हापासून सासूबाई डॉक्टरीणबाईंच्या नावाने बोटं मोडत. धाकट्याने तक्रार केली, चौकशी लावली. बाईंना ते हॉस्पिटल सोडावं लागलं. वहिनी कधी त्यांना वाईट बोलल्या नाहीत, आणि कधी त्यांची बाजूही घेतली नाही. त्या रोज पहाटे हात जोडून बसत आणि एकच मागत: आज जाणूनबुजून खोटं तोंडातून निघू नये. आणि दर पहाटे मन त्या एका उत्तरापाशी जाऊन येई. चौथी रात्र चोख असेल तर त्यांनी सांगितलेली वेळ खरी होती. नसेल तर? पुढचं त्या मनातल्या मनातही म्हणत नसत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या चपला घालत असताना सासूबाईंनी आतून हाक मारली.

"सापडली का गं माझ्या लेकाची कणी?"

"नाही अजून, आई."

"दोघं मिळून करता काय दिवसभर तिथे? पंखा खाता?" मग आवाज खाली आला. "सापडली की नाव त्याचंच लागेल ना? दुसरा कुणी मध्येच नाही ना उपटायचा?"

"त्यांचंच लागेल."

"मग पेपरात येऊ दे ठळक. वाचू दे त्या बाईला. कुणाला मारलं ते कळू दे."

वहिनी वाटभर सासूबाईंच्या त्या बोलण्यात अडकून राहिल्या. कणी हरवली तर यजमानांच्या हातून शेवटचं झालेलं कामही हरवणार. खोलीत शिरल्या शिरल्या, पिशवी खांद्यावरून न उतरवता त्या म्हणाल्या, "काढा चौथी रात्र."

धाकट्याने काही विचारलं नाही. त्याने कक्षा नव्याने मांडली. कणीची आकाशातली जागा पार बाजूला सरकली, जिथे आजवर कुणी पाहिलंच नव्हतं. नव्या निरीक्षकाला निरोप गेला.

चित्रं आली. वहिनींनी ती एकेक सरकवून एकावर एक ठेवली. तारे रेघा झाले. मधोमध, अगदी सांगितलेल्या जागी, एक गोल, मंद ठिपका.

"वहिनी!" धाकट्याने टेबलावर थाप मारली. "आज चहा माझा. बिस्किटांसकट!"

"तुमचा चहा म्हणजे पैसे माझेच." वहिनी हसल्या. डोळे भरून आले होते. त्यांनी हात जोडले, आणि जोडलेले हात तसेच राहिले, कारण धाकटा पुढे म्हणाला, "पण मग चौथ्या रात्री दादाने मोजलं काय?"

त्याने त्या चार रात्रींची, एकावर एक ठेवलेली जुनी चित्रं उघडली. ठिपक्याची जागा काढायची तर आसपासचे ओळखीचे तारे निवडावे लागतात, त्यांच्यापासून अंतरं धरावी लागतात. यजमानांनी निवडलेल्या प्रत्येक ताऱ्याभोवती अजून हिरवं कडं होतं. पहिल्या तीन रात्री कडी चित्रभर विखुरलेली. चौथ्या रात्री सगळी कडी उजव्या अर्ध्यात. डावीकडे चांगले ठसठशीत तारे होते, पण एकालाही कडं नव्हतं. आणि नव्या कक्षेप्रमाणे कणी त्या डाव्या अर्ध्यातच होती. दिसत होती. पहिल्या तीन रात्रींसारखीच स्पष्ट. यजमानांनी खूण केली होती ती उजवीकडे, कॅमेऱ्याच्या खरखरीतल्या एका डागावर.

"कमाल आहे," धाकटा म्हणाला. "याच्यावरून तर मला झापायचा. 'चारी बाजूंनी घे रे, एका कुशीवर काय झोपतोस!' आणि स्वतः... केव्हा केलंय हे?" त्याने फाइलची वेळ पाहिली. "मध्यरात्रीच झालंय की. पाठवलं तेवढं पहाटे. थकला असेल बिचारा."

वहिनींना ताट दिसलं.

त्या पहाटे यजमान जेवून उठायला लागले तेव्हा ताटातलं डावीकडचं सगळं जसंच्या तसं होतं. मधोमध रेघ मारावी तसं. "अर्धं ताट कुणासाठी ठेवलंत? पाहुणे यायचेत?" त्या म्हणाल्या होत्या. "अगं, संपवलं की," ते म्हणाले होते, आणि ते खोटं बोलत नव्हते. वहिनींनी ताट जरा फिरवलं, तशी उरलेलं मुकाट्याने खाऊ लागले. त्यातलंही उजवीकडचंच. वहिनी हसल्या होत्या. लहान मुलासारखं काय करताय, म्हणाल्या होत्या. मग पांघरूण घातलं होतं.

"चौथी रात्र वगळली असं लिहून पाठवून देऊ," धाकटा म्हणाला.

"थांबा. मी मोजते परत."

त्यांनी चित्राची प्रत काढून तीवरची जुनी कडी पुसली. चारी बाजूंचे तारे निवडले, डावीकडचे आधी. कणीवर खूण केली. नवी जागा कक्षेवर अशी बसली की धाकट्याने शीळ घातली.

"चारी रात्री बसल्या! आईला सांगतो." त्याने फोन लावला, आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. "आई, सापडली गं! दादाची कणी सापडली!"

"सापडली?" सासूबाईंचा आवाज खोलीभर झाला. "बघ. बघ माझा लेक. शेवटच्या रात्रीपर्यंत कसं चोख काम केलं त्याने. आणि त्या बाईने..."

"भाऊजी," वहिनी हळूच म्हणाल्या, "त्या डॉक्टरीणबाई आता कुठे असतात?"

"कोण जाणे. मरेना का. आजच्या दिवशी तिचं नाव कशाला?"

"शोधायला हव्यात. त्यांनी मला वेळ विचारली होती. मी चुकीची सांगितली. यांची डावी बाजू मध्यरात्रीच हरपली होती."

"काय बोलताय?"

वहिनींनी ताटाचं सांगितलं. जसं झालं तसं, मधलं हसणंही न वगळता. त्यांचा आवाज चढला नाही. धाकटा ऐकता ऐकता उठला, पुन्हा बसला, तो भिंतीजवळच्या त्या खुर्चीवर. पडद्यावर यजमानांची जुनी मोजणी अजून एका कोपऱ्यात उघडी होती. खुर्ची पुढे ओढून त्याने ती मोठी केली आणि चित्राच्या डाव्या अर्ध्यावर हाताचा तळवा ठेवला.

उरलेल्या चित्रात त्या एका खुणेशिवाय काहीच चुकलेलं नव्हतं. तारे नीट निवडलेले होते, कडी सारखी होती.

"मी तिची नोकरी घालवली, वहिनी," तो म्हणाला. मग, वहिनींकडे न बघता, "तुम्हाला तेव्हाच कळलं असतं तर..."

त्याने वाक्य पुरं केलं नाही. वहिनी ते पुरं होण्याची वाट बघत उभ्या राहिल्या.

"हॅलो? अगं, गप्प का झालात दोघं? कसलं ताट?" टेबलावरून सासूबाई विचारत होत्या. "ऐकू येतंय का कुणाला?"

वहिनींनी फोन उचलून कानाशी धरला.

"येतंय, आई," त्या म्हणाल्या. "बसून घ्या जरा. सांगते."