सळईचे अठरा मिलिमीटर

मी एक जुनी पोलादी सळई आहे, मित्रांनो. पण गंजलेली नाही, वाकलेली नाही आणि अडगळीत पडलेली तर मुळीच नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण जुनी म्हटले की लोक लगेच चेहरा पाडून हळहळायला लागतात. माझी उंची एक मीटर, जाडी तुमच्या करंगळीएवढी, वर धरायला आडवी मूठ आणि अंगभर सेंटिमीटरच्या खुणा. सत्तावीस वर्षे मी एकच काम केले आणि ते चोख केले. म्हणजे, जवळजवळ चोख. त्या ‘जवळजवळ’ने एकदा माझी आणि बाईंची अब्रू पणाला लावली होती.

माझा मुलूख पृथ्वीच्या पार वरच्या टोकाकडचा. तिथे झाड औषधालाही नाही. शेवाळ, आखूड गवत आणि अंगावर येणारा वारा. उन्हाळ्यात जमिनीचा वरचा थर तेवढा वितळतो. त्याच्याखालची माती हजारो वर्षे दगडासारखी गोठलेली असते. उन्हाळा संपता संपता मला जमिनीत दाबायचे. मऊ मातीतून मी सरसर खाली जाते आणि गोठलेल्या थराला टेकले की जागच्या जागी थांबते. जमिनीलगत जी खूण येईल, तो आकडा वहीत लिहायचा. एवढेच माझे काम.

तुम्हाला हसू आले ना? बाईंच्या थोरल्या बहिणीलाही यायचे. बाई म्हणजे मातीचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञ, माझ्या मालकीणबाई. दर रविवारी त्यांच्या ताईंचा फोन येई.

“अगं, इतकी वर्षं त्या चिखलात एकच भोक पाडत बसलीस का तू?”

“एकच नाही गं ताई, शंभर!” बाई म्हणत, आणि दोघी खो खो हसत.

खरोखरच शंभर जागा होत्या. दहा दहा पावलांवर खुंट्या ठोकलेल्या, आणि शेवाळ तुडवले जाऊ नये म्हणून मधून फळ्या टाकलेल्या. दरवर्षी तोच आठवडा, त्याच खुंट्या, तीच सळई. यात बदल केलेला बाईंना खपत नसे.

माझा जन्म संशोधन केंद्राच्या पत्र्याच्या कार्यशाळेत झाला. तिथल्या फिटरकाकांनी मोडक्या बर्फगाडीचा एक दांडा निवडला, तासून गुळगुळीत केला, खाली टोक काढले आणि जीभ दाताखाली धरून माझ्यावर शंभर खुणा कोरल्या. मग मला बाईंच्या हातात देत म्हणाले, “घ्या. बापजन्मात वाकायची नाही.” बाई तेव्हा नवख्या होत्या. पहिल्या वर्षी माझा सरासरी आकडा आला एक्केचाळीस.

मोजून झाले की बाई प्रत्येक दहाव्या खुंटीपाशी मुठीएवढी माती उचलत. खोलीवर आणून ती जाळीवर ठेवत, वर दिवा लावत आणि खाली बाटली. ऊब आणि कोरडेपणा नको म्हणून मातीतले इवले इवले जीव खाली खाली सरकत आणि टपकन बाटलीत पडत. शेपटीच्या झटक्याने टुणकन उडणारे किडे, गोगलगाईच्या चालीने जाणारे कोळ्यासारखे बारीक जीव, दोऱ्याच्या तुकड्यासारखे जंत. बाई त्यांना ‘पोरं’ म्हणत. भिंगाखाली एकेक मोजत आणि दोनशेच्या पुढे गेल्या की चहा विसरत. ही पोरे मेलेले शेवाळ आणि बुरशी खातात, त्यातून मातीला कस येतो, कसावर गवत येते, गवतावर हंस आणि लेमिंग नावाचे गुबगुबीत उंदीर जगतात आणि लेमिंगवर कोल्हे. एवढा मोठा संसार त्या मुठीभर मातीच्या जिवावर चालतो. त्या संसारात मलाही मान होता, मित्रांनो! माझ्याशिवाय बाईंचे पान हलत नसे.

पण माझे आकडे वाढू लागले. शेहेचाळीस. बावन्न. एकोणसाठ. जमीन जागोजाग खचू लागली, खुंट्या कलंडल्या, काही ठिकाणी डबकी साचली तर काही ठिकाणी शेवाळ वाळून कुरकुरीत झाले. त्या कोरड्या शेवाळातली उडी मारणारी पोरे निम्म्याने घटली. खाली मात्र वेगळेच चालले होते. हजारो वर्षे गोठून पडलेली गवताची मुळे वितळली आणि सूक्ष्म जीव त्यांच्यावर तुटून पडले. ते जेवतात तेव्हा जो वायू बाहेर पडतो, तो हवा आणखी तापवतो. हवा तापली की मी आणखी खोल जाते. सत्ताविसाव्या वर्षी माझा आकडा सदुसष्ट आला.

त्याच वर्षी तपासनीस सर आले. सगळ्या ध्रुवीय केंद्रांचा मिळून एक मोठा अहवाल व्हायचा होता आणि कोणाचे आकडे त्यात घ्यायचे हे ते ठरवणार होते. माणूस भला, पण काटेकोर. त्यांनी वह्या चाळल्या, मान डोलावली आणि खिशातून पोलादी पट्टी काढून माझ्या अंगाला लावली. सत्तावीस वर्षांत मला कोणी मोजले नव्हते. मी जमिनीला मोजत होते, मला कोण मोजणार?

“मॅडम,” सर म्हणाले, “पन्नासाची खूण टोकापासून अट्ठेचाळीसवरच आहे. वर दोन मिलिमीटर. म्हणजे ही अठरा मिलिमीटर झिजलीय.”

बाईंनी पट्टी स्वतः लावून पाहिली. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

“अठरा मिलिमीटर मी वजा करू शकतो हो. पण कधी झिजली? मध्ये कधी टोक तुटून नवं बसवलं का? काही लिहिलेलंच नाही. असे आकडे मी कसे घेऊ?”

मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. बाईंनी उमेदीची सगळी वर्षे माझ्या टोकावर विश्वासून घातली होती, आणि मी प्रत्येक वेळी थोडे जास्त सांगत होते. अहवालातून नाव गेले असते तर या शंभर खुंट्यांचे काम पुढच्या वर्षी बंदच पडले असते.

बाईंनी फिटरकाकांना फोन लावला. काका दोन वर्षांपूर्वीच निवृत्त होऊन लेकीकडे राहायला गेले होते. फोनवर आधी ख्यालीखुशाली झाली आणि मग बाईंनी झिजल्याचे सांगितले.

“बाई, ती झिजली नाही,” काका म्हणाले. “मीच घासायचो. दर वसंतात, तुम्ही यायच्या आधी. टोक बोथट झालं की तुम्हाला जोर लावायला लागायचा, खांदा दुखायचा तुमचा. म्हटलं, तेवढंच आपल्या हातून होईल. बोललो नाही कधी. काय बोलायचं त्यात!”

बाईंनी डोळे मिटले. मला कळेना, या माणसावर रागवावे की काय करावे. माझ्यावर इतकी माया करणारा दुसरा कोणी नव्हता, आणि त्याच मायेने घात केला होता.

“दरवर्षी किती, काही आठवतं का?” बाईंनी विचारले.

“आठवायचं कशाला? रेघा आहेत की! घासायच्या आधी रेघ मारायची, असं माझ्या उस्तादानं शिकवलंय. सळई खुंटीला टांगायची आणि टोक असेल तिथं मागच्या पत्र्यावर एक रेघ.”

बाई आणि सर कार्यशाळेकडे धावलेच. भिंत पाहिली आणि दोघांची तोंडे पडली. भिंत पांढरी फेक होती. काकांच्या जागी आलेल्या नव्या फिटरताईंनी आल्या आल्या सगळी कार्यशाळा रंगवून लख्ख केली होती.

“मॅडम, मला काय माहीत!” त्या बिचाऱ्या रडकुंडीला आल्या.

फोन चालूच होता. “रंगवली तर रंगवली,” काका म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच जरा ताठा आला. “फिटर काय पेन्सिलीनं रेघ मारतो? सुईनं कोरलीय. खरवडा.”

नव्या फिटरताईंनीच पातळ पात्याने रंग खरवडला. मला माझ्या जुन्या खुंटीवर टांगले. पोरे मोजायचे ते भिंग घेऊन बाई गुडघ्यांवर बसल्या. माझ्या टोकाखाली पत्र्यावर केसासारख्या बारीक रेघा होत्या, एकाखाली एक. बाईंनी मोजल्या, सरांनी मोजल्या. चोवीस. काकांनी मला बनवल्यानंतर त्यांच्या नोकरीचे जितके वसंत उरले होते, तितक्याच. माझ्या आताच्या टोकापासून सगळ्यात खालच्या, म्हणजे पहिल्या रेघेपर्यंतचे अंतर भरले अठरा मिलिमीटर.

पुढचे नऊ दिवस बाईंनी प्रत्येक वर्षाचा प्रत्येक आकडा त्या त्या रेघेप्रमाणे दुरुस्त केला आणि अहवालाच्या पहिल्याच पानावर आमची चूक लिहून टाकली. कुठेही सारवासारव नाही. सर म्हणाले, “इतर केंद्रांच्या सळया किती झिजल्यात, देव जाणे. तुमची तेवढी पक्की ठाऊक आहे. हे आकडे आता कुणी खोडून दाखवावेत!” माझी छाती अभिमानाने फुगली. पोलादाला छाती असते का, असे विचारू नका.

पण दुरुस्त होऊनही सदुसष्टचे फक्त पासष्ट झाले. एक्केचाळीसवरून पासष्ट. बाईंनी तो आकडा लिहिला, पेन खाली ठेवले आणि जिंकल्यावर माणूस जसा हसतो तशा त्या हसल्या नाहीत. मनापासून सांगते, त्या क्षणी मला खोटे ठरायला आवडले असते. मी खोटी असते तर जमीन शाबूत असती, बाटलीत पोरे पहिल्यासारखी टपटपली असती, आणि मला कोणी भंगारात टाकले असते तरी मी हसत गेले असते. पण मी खरी होते. खरे सांगितल्याचा मला अभिमान आहे, आणि तो मी मरेपर्यंत सोडणार नाही.

काकांना बाईंनी त्याच दिवशी कळवले. “माझ्यामुळं तुमचं नाव खराब झालं का हो?” त्यांनी विचारले. “तुमच्या रेघांमुळंच राहिलं,” बाई म्हणाल्या.

आता माझी जोडीदारीण तयार होते आहे. नव्या फिटरताई दांडा घेऊन बाईंकडे आल्या.

“मॅडम, हिच्याएवढीच करू ना? एक मीटर?”

बाईंनी खिडकीतून खुंट्यांकडे पाहिले. “नको. दीड कर.”

“एवढी लांब कशाला?”

बाईंनी वहीतल्या पासष्टवर बोट ठेवले. फिटरताई मापाला लागल्या.

मित्रांनो, माझी काळजी घेणारी माणसे आहेत, मला तेल लागते, दर वसंतात मोजले जाते. माझ्यासाठी काही करू नका. जिथे तुम्ही राहता तिथे कमी जाळा, कमी नासा, पायाखालच्या मातीला निर्जीव समजू नका, आणि आमचा वारा तुमच्याच हवेचा आहे हे ध्यानात ठेवा. माझी धाकटी लवकरच कामाला लागेल. तिच्या वरच्या अर्ध्या मीटरला कधीही माती लागू नये, एवढेच मागणे आहे.