फिंगेश्वरहून माघारी

"पाँच सौ मीटर के बाद बाएँ मुड़ें," सायकलच्या टोपलीतला फोन बोलला.

"मुडते वं माय, मुडते. तुले कावून इतकी घाई होऊन राहिली?"

राजिमहून निघाल्यापासून पंचफुला त्या फोनमधल्या बाईशी अशीच बोलत होती. बोलायला दुसरं होतं तरी कोण? नवरा, धोंडबा, जायचा तेव्हा त्यांच्या कोहका वस्तीचं अख्खं भजनी मंडळ संगतीला असे, टाळ-मृदंगात वाट कधी सरली ते पायांनाही कळत नसे. हिच्या संगतीला नुसता चेनचा खडखडाट. आणि मनात घरचा घोर. धोंडबानं पेज घेतली असेल का? लेकीनं त्याला कुशीवर वळवलं असेल का?

राजिमच्या कुलेश्वरापासून निघायचं, पाच गावच्या पाच महादेवांचं दर्शन घेत मोठा फेरा करायचा आणि पुन्हा कुलेश्वराच्या पायाशी यायचं, ही पंचकोशी. बुवा कीर्तनात सांगत, विष्णूच्या हातचं कमळ खाली आलं, त्याच्या पाच पाकळ्या पाच गावी पडल्या आणि प्रत्येक पाकळीवर भोळा शंभू येऊन बसला. बुवांनी सांगावं आणि मागं उभ्या धोंडबानं असं काही ध्रुपद उचलावं, की मांडीवरची लेकरंसुद्धा रडायची थांबावीत. रेल्वेचे रूळ बनवणाऱ्या रेल मिलमध्ये लोखंडाच्या धगीत उभा राहणारा माणूस, पण गळा पाटाच्या पाण्यासारखा. दर पौषात रजा टाकून तो पायी पंचकोशी करायचा.

दिवाळीनंतर त्याला झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. पौष लागला तसा तो बिथरला. चादर ओढायचा, दाराकडे बघायचा, घशातून नुसता घरघर आवाज काढायचा. अन्न तोंडाला लावू देईना. शेवटी पंचफुलानं देवापुढं हात जोडून त्याला सांगितलं, "तुमची पंचकोशी मी करून येते. तुमच्या नावानं. आता तरी जेवा." त्या दिवशी तो पोटभर जेवला.

नर्सिंग होममध्ये उभ्यानं आयाचं काम करून गुडघे गेलेले. पायी जाणं शक्य नव्हतं. पण ड्यूटीला रोज सायकल मारायची सवय होती. तीन दिवसांची सुट्टी मिळाली. लेक दिपाली दुर्गच्या सासरहून बापाजवळ राहायला आली आणि तिनंच पाचही गावं फोनमध्ये भरून दिली. "आई, ये जहाँ बोलेगी, वहाँ मुड जाना. कुनाले पुसाचं काम नाई."

तशी ती वळत गेली. कोपरा गावच्या महादेवाचं दर्शन झालं. दुपार कलायच्या आत फिंगेश्वर आलं. देवळाबाहेर एक म्हातारी बेलपानं घेऊन बसली होती, मैनाबाई. तिनं सायकल पाहिली, घामेजलेली बाई पाहिली आणि तांब्या पुढं केला.

"कोन डहर ले आवत हस, दीदी?"

पंचफुलाचा जन्म या मुलखात गेलेला. कुठल्या वाटेनं आली, ते तिनं म्हातारीच्याच बोलीत सांगितलं, "कोपरा डहर ले. अब बम्हनी जाहूँ."

मैनाबाईचा बेल जुळवणारा हात थांबला. "अई! उल्टा आ गे हस ओ! महादेव तो तोर डेरी हाथ कोती परगे."

डेरी हात म्हणजे डावा; महादेव डाव्या अंगाला पडला होता. पंचफुला तांब्या हातात धरून तशीच उभी राहिली. सकाळपासून फोनमधली बाई 'बाएँ, बाएँ' म्हणत होती आणि ही मुकाट वळत होती. प्रदक्षिणेत देव उजव्या हाताला हवा, हे देवळातल्या पोरासोरांनाही कळतं. आधी पटेवा, चंपारण, बम्हनी, मग फिंगेश्वर, आणि कोपरा शेवटी. फोनला बिचाऱ्याला काय ठाऊक? त्यानं डांबरी रस्ता पाहिला आणि गावं जोडून टाकली.

"जा ना, खड़े-खड़े का सोचत हस?" मैनाबाई हसली. "भोला ह भाव ल देखथे, रद्दा ल नइ देखय."

देव भाव बघतो, रस्ता बघत नाही. खरंच होतं. पण पंचफुलानं शब्द देवाला एकट्याला कुठं दिला होता? देवळात कुणी चुकून डावीकडून निघालं तर धोंडबा त्याचा दंड धरून वळवायचा. एकदा तर त्यानं मिलच्या मॅनेजरसाहेबांनाही तसं वळवलं होतं. त्याच्या नावानं उलटा फेरा घालायचा? आणि नव्यानं सुरू करायचं तर दिवस कुठं होते? परवा सकाळी ड्यूटी, आणि दिपालीला सासरी परतायचं.

तिनं फोन लावला.

"तं काय झालं, आई?" दिपाली म्हणाली. "अभी आधा तो हो गया ना. पूरा करून टाक."

"उलटं होते, बेटा."

"मंग नको करू. घरी ये, आनं बाबाले सांगून दे, झाली म्हनून. त्याइले काय समजून राहिलं?"

"समजते," पंचफुला म्हणाली आणि फोन ठेवला.

मग तिनं फोन बंदच केला. मैनाबाईला नमस्कार केला, सायकल फिरवली आणि सरळ राजिमचा रस्ता धरला. चढावर गुडघे कुरकुरत होते आणि मन त्याहून जास्त. बाई, एक होकाराची मान हलवायची, बस्स. माणूस सुखानं जेवेल, झोपेल. यात पाप कोणतं? वॉर्डात पेशंटांना नाही का तू रोज सांगत, उद्या बरं वाटेल म्हणून?

रात्र तिनं राजिमच्या धर्मशाळेत काढली. सकाळी सायकल बसच्या टपावर चढवताना कंडक्टर म्हणाला, "क्या मौसी, भगवान के घर से लौटते-लौटते साइकिल थक गई?"

"सायकल नाई थकली, भाऊ. मालकीन चुकली."

घरी पोचली तेव्हा उन्हं उतरली होती. सायकलचा आवाज ऐकूनच धोंडबानं मान वळवली. त्याचे डोळे नुसते चमकत होते. दिपाली आईकडे पाहून डोळ्यांनी खुणावत होती: सांग ना, सांगून टाक.

पंचफुला खाटेजवळ बसली.

"नाई झाली," ती म्हणाली. "उलटी गेली म्या. कोपऱ्यापासून सुरू केली. फिंगेश्वराले मालूम पडलं, मंग माघारी फिरली. तुमच्या नावानं उलटी नाई घालवली मले."

धोंडबानं डोळे मिटले आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. दिपाली पाय आपटत आत गेली. चहा आला, निवला, त्यानं ओठ उघडले नाहीत. पंचफुला उठली नाही. एवढं ऐकवल्यावर उठून जाणं तिला बरं वाटेना.

बऱ्याच वेळानं चादर हलली. धोंडबानं आपला चालता डावा हात बाहेर काढला, तिचा हात ओढून घेतला आणि तळवा उताणा केला. मनगटाजवळ बोट टेकवलं. राजिम. तिथून बोट वर सरकवत नेलं, थांबवलं, तिच्याकडे पाहिलं.

"पटेवा," ती म्हणाली.

बोट पुढं गेलं.

"चंपारण."

उजवीकडे वळलं, पार बोटांच्या मुळापर्यंत.

"बम्हनी."

चूक झाली की तो मान हलवून पुन्हा मनगटापासून सुरू करी, आणि ती पुन्हा म्हणे. दिपाली दारात येऊन उभी राहिली होती. एका फेरीत ती नावं जरा लयीत म्हणायला लागली तसे धोंडबाचे ओठ हलले. आवाज आला नाही.

पुढच्या फेरीला बोट मंदावलं. बम्हनी ओलांडून ते फिंगेश्वरापाशी आलं आणि तिथंच राहिलं. त्याचा डोळा लागला होता. पंचफुलानं आपला तळवा तसाच उघडा धरून ठेवला.