भाऊंची गाडी शोरूमला

"अहो, नखं आहेत ती, पिस्टन नव्हेत. किती घासाल?"

वहिनी बाथरूमच्या दाराशी उभ्या राहून विचारत होत्या. आत भाऊ तळहातावर साबणाचा चुरा आणि साखर घेऊन नखं घासत होते. गॅरेजवाल्याच्या नखातलं काळं एका सकाळीत निघत नाही हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. तरी ते घासत होते, कारण आज ते गिऱ्हाईक होणार होते.

उभा जन्म दुसऱ्यांच्या गाड्यांखाली उताणं पडून काढलेल्या माणसाला गिऱ्हाईक व्हायला मिळणं म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच कळतं. भाऊंचं गॅरेज पंचवीसेक वर्षांचं. पण स्वतःच्या दारात कायम कुणीतरी कंटाळून विकलेली, ढकलत चालू करायची गाडी. मागच्या महिन्यात लेकीने निम्मे पैसे घातले आणि कोरी करकरीत गाडी घरी आली. सीटवरचं प्लास्टिक भाऊंनी अजून काढू दिलं नव्हतं. वहिनी बसल्या की फुगा चोळल्यासारखा आवाज यायचा आणि भाऊंना तो आवाजसुद्धा गोड लागायचा.

"स्वतःचं गॅरेज असताना शोरूमला गाडी नेणारे तुम्हीच पहिले," वहिनी म्हणाल्या. "कुणी बघितलं तर काय म्हणेल?"

"वॉरंटी!" भाऊ आतून ओरडले. "पहिल्या तीन सर्व्हिसिंग त्यांच्याकडेच करायच्या. पुस्तकावर शिक्का नसला की उद्या काही झालं तर हात वर करतात ते."

हे खरं होतं, पण सगळं खरं नव्हतं. भाऊंना ती काचेची इमारत एकदा आतून बघायची होती. गेल्या तीन-चार वर्षांत त्या इमारतीने त्यांची चांगली चांगली गिऱ्हाइकं गिळली होती. दातांच्या डॉक्टरीणबाई गेल्या, बँकेतल्या कॅशियरबाई गेल्या, शाळेतल्या दोन शिक्षिका गेल्या. भांडण नाही, तक्रार नाही. एक दिवस यायच्या बंद झाल्या, बस्स. भाऊंनी मनाशी पक्कं ठरवलं होतं की हे सगळं कॉम्प्युटरमुळे. म्हणून पदरमोड करून त्यांनी गाडी तपासायचं मशीन आणलं, त्याला टॉवेलाखाली झाकून तान्ह्या बाळासारखं जपलं. गेलेलं माणूस मात्र एकही परत आलं नाही.

राहता राहिल्या होत्या हेडबाई. मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्या भाऊंना अरे-तुरे करायच्या आणि भाऊंना त्यात धन्य वाटायचं. त्यासुद्धा वर्षभर फिरकल्या नव्हत्या, पण त्यांचं कारण वेगळं होतं. गुडघे धरलेत, गाडी पोर्चमध्ये झाकून ठेवलीय, असं त्यांनी फोनवर सांगितलं होतं. "बाकीचे जाईनात का," भाऊ येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "हेडबाई दुसऱ्या कुणाला बॉनेट उघडू देणार नाहीत."

गॅरेजच्या शटरवर खडूने "आज बंद. बाहेरगावी" असं लिहून भाऊ इस्त्रीच्या शर्टात गाडीत बसले. निघताना त्यांनी हॉर्न वाजवला. समोर कुणीच नव्हतं, उगाच वाजवला.

शोरूमच्या दारात टाय लावलेल्या मुलाने पुढे होऊन दार उघडलं. "या सर!"

भाऊंनी मागे वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं. सर म्हणजे तेच होते. त्यांची छाती अशी फुगली की इस्त्रीच्या शर्टाचं बटण ताणलं गेलं.

"गाडीत काही तक्रार, सर?"

"छे छे! एकदम लोणी!" भाऊ म्हणाले.

"मग सर, आपण इंजिन आतून धुवून घेऊ. एसी निर्जंतुक करू. खालून कोटिंगचा एक थर देऊ. नव्या गाडीला चांगलं असतं, सर."

भाऊ मान डोलवत होते. प्रत्येक 'सर'ला एक. वहिनींनी कोपराने ढोसलं तेव्हा ते भानावर आले.

"महिन्याच्या गाडीचं इंजिन धुवायचं?" वहिनी कुजबुजल्या. "ह्याच्यावरूनच परवा त्या टेम्पोवाल्याला झापत होतात ना तुम्ही?"

"अगं, सर म्हणतोय तो," भाऊ तितक्याच हळू म्हणाले.

"म्हणू दे. फुकटात म्हणतो तेवढं ऐका."

शेवटी फुकट सर्व्हिसिंगवरच ठरलं आणि दोघं वरच्या मजल्यावर बसायच्या खोलीत गेले. गुबगुबीत सोफा, गारेगार हवा, बटण दाबलं की चहा देणारं यंत्र, आणि सबंध एक भिंत काचेची. भाऊ सोफ्यावर टेकलेच नाहीत. ते काचेला नाक लावून उभे राहिले. खाली गाड्या लिफ्टवर अलगद वर जात होत्या, माणसं ताठ उभी राहून काम करत होती. कुणी उताणं नव्हतं, कुणाच्या डोळ्यात तेल पडत नव्हतं.

"अगं, ती जमीन बघ! पान न मांडता जेवायला बसावं!" भाऊंचा आवाज खोलीभर झाला. "आणि ती बघ, ती बघ, आपली वर चालली!"

त्यांना हेवा वाटायला हवा होता. प्रत्यक्षात त्यांना जत्रेतल्या पोरासारखा आनंद झाला होता. हे सगळं आपल्याकडे असतं तर, असं एकदा मनात आलं, पण गाडी वर जाताना बघण्याच्या नादात तेही विरून गेलं.

"मी जरा जाऊन येते," वहिनी म्हणाल्या आणि कोपऱ्यातल्या दाराकडे गेल्या.

बराच वेळ झाला तरी त्या आल्या नाहीत. भाऊ चहाच्या यंत्राकडे वळले आणि जागच्या जागी थिजले. यंत्राशेजारच्या खुर्चीत, हातात कप घेऊन, हेडबाई बसल्या होत्या.

बाईंनीही त्यांना पाहिलं. शाळेत कुणाची चोरी पकडली की बाई जशा चष्म्यावरून बघत, तशा बघायला त्यांनी सुरुवात केली आणि मध्येच त्यांच्या लक्षात आलं असावं की पकडलं गेलंय ते आपल्यालाच.

"भाऊ? तू इथे कसा रे?"

"वॉरंटी," भाऊ म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "तुम्ही, बाई? तुमचे गुडघे..."

"दुखतात की. ते काही खोटं नाही." बाई खुर्चीत सावरून बसल्या. "पुतण्याने इथलं पॅकेज घेऊन दिलंय वर्षाचं. म्हणाला, तिथे सगळं कॉम्प्युटरवर असतं."

"मशीन माझ्याकडेपण आहे, बाई."

"हो का? छान."

भाऊ मनात हिशोब मांडू लागले. आता राहिलं कोण? कुठे चुकलो आपण? बाईंच्या गाडीचा एखादा नट ढिला राहिला होता का? त्यांनी मागच्या सगळ्या सर्व्हिसिंग आठवून पाहिल्या. काही सापडेना. आणि मग त्यांची नजर बाईंच्या हातातल्या कपावर गेली.

"बाई, तुम्ही चहा घेत नाही ना?"

इतक्या वर्षांत बाई गॅरेजवर आल्या की भाऊ चहा मागवायला निघत आणि बाई हात आडवा करत. मला चालत नाही, म्हणत. आज त्यांच्यापुढच्या टेबलावर एक रिकामा कप होता आणि हातात दुसरा.

बाईंचा चेहरा लाल झाला. तेवढ्यात कोपऱ्यातल्या दारातून वहिनी बाहेर आल्या. तोंड धुतलेलं, केस नीट केलेले, चेहरा कसा टवटवीत. त्यांनी बाईंकडे पाहिलं, कपाकडे पाहिलं, नवऱ्याच्या पडलेल्या तोंडाकडे पाहिलं. आणि त्या हसायला लागल्या.

"बाई, दुसऱ्या दारात जात जा," त्या म्हणाल्या. "आरसा मोठा आहे तिथला."

"तिथेच जाते मी," बाई म्हणाल्या आणि त्यांनाही हसू फुटलं. दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. भाऊ दोघींकडे बावळटासारखे बघत राहिले.

बाईंच्या गाडीचा पुकारा झाला. उठताना त्यांनी भाऊंच्या खांद्यावर हात ठेवला. "हे बघ, तुझ्या कामाबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही. इथे गाडीला काय करतात ते मला कुणी धड सांगत नाही. फोनवर फोटो येतो कसला तरी. तू जुना फिल्टर हातात धरून दाखवायचास, ते बरं होतं. आणि बिल म्हणशील तर दीडपट."

"मग बाई, का?"

"बायकोला विचार," असं म्हणून हेडबाई गुडघे सांभाळत जिना उतरल्या.

पुस्तकावर शिक्का घेऊन दोघं निघाले. भाऊंनी पहिल्याच वळणावर गाडी कडेला घेतली.

"सांग."

"तुमच्या गॅरेजात बायकांनी जायचं कुठे?"

"कुठे म्हणजे?"

"अहो, कुठे म्हणजे कुठे! तुम्हा पुरुषांना मागची भिंत आहे. बाईंच्या वयाची बाई तीन-तीन तास स्टुलावर बसायची, ती चहा कशी घेईल? पाणीसुद्धा प्यायच्या नाहीत. डॉक्टरीणबाईंनी एकदा मला विचारलं होतं, मी त्यांना आपल्या घरी नेलं. रोज कोण कुणाच्या घरी जातंय? गेल्या त्या शोरूमला."

भाऊंना आता कुठे कळलं. कॉम्प्युटरमुळे नव्हतं, काचेमुळे नव्हतं, त्यांच्या हातातही काही कमी नव्हतं. एक दार नव्हतं.

"मला कुणी बोललं का नाही?"

"हे पुरुषाला सांगतात होय? आणि मलासुद्धा..." वहिनी खिडकीबाहेर बघू लागल्या.

"तुला काय?"

"तुम्ही चेष्टा करता ना, हिला गॅसचं वेड आहे म्हणून?"

भाऊ करायचेच चेष्टा. वहिनी रोज दहाच्या सुमाराला गॅरेजवर येऊन फोन घ्यायच्या, बिलं करायच्या, आणि दुपारपर्यंत एकदा तरी "गॅस बंद केलाय का बघून येते" म्हणून उन्हातान्हातून घरी जाऊन यायच्या. गिऱ्हाइकांसमोर भाऊ म्हणायचे, आमच्याकडे गॅस स्वतःच पेटतो, बायको विझवायला जाते. लोक हसायचे. वहिनीही हसायच्या.

"गॅस कधीच चालू नसायचा," वहिनी म्हणाल्या.

भाऊंना तोंडात मारल्यासारखं झालं. लाज वाटली, सरळ लाज. दुसऱ्याच्या गाडीत एवढीशी खरखर झाली तर ती त्यांना रस्त्यापलीकडून ऐकू यायची. आणि हे माणूस रोज समोरून उठून जात होतं. त्यांनी गाडी सुरू केली आणि गर्रकन वळवली.

"अहो, कुठे निघालात?"

"परत शोरूमला. डिकीत टेप आहे. आत जाऊन सगळं मोजून आण. लांबी, रुंदी, आरसा कुठे, नळ कुठे."

"मी? टेप घेऊन? लोक काय म्हणतील!"

"रुमाल राहिला म्हण. मला तर आत सोडणार नाहीत!"

आणि वहिनी खरंच गेल्या. पर्समध्ये टेप लपवून, टायवाल्या मुलासमोरून मान ताठ ठेवून. परतल्या तेव्हा त्यांना हसू आवरत नव्हतं. "दारामागे हूक आहे, अहो! पर्स अडकवायला. आपल्याला हूक पाहिजेच."

दुसऱ्या दिवसापासून भाऊंच्या अंगात वारं शिरलं. जुन्या टायरांचा कोपरा रिकामा झाला. गवंडी आला, नळवाला आला. फरशीच्या दुकानात भाऊंनी इतकी चौकशी केली की दुकानदाराने विचारलं, बंगला बांधताय का. रंग वहिनींनी ठरवला, खिडकीची उंची वहिनींनी ठरवली, आणि भाऊ त्यांच्या प्रत्येक हुकमाला "हो मॅडम" म्हणू लागले. कडी मात्र त्यांनी स्वतःच्या हाताने बसवली. आत जाऊन लावून बघितली, बाहेरून ढकलून बघितली, पुन्हा काढली, कानशीने घासली, पुन्हा बसवली. दोन दिवस गाड्या ताटकळल्या आणि कडीचंच काम चाललं होतं.

हेडबाईंना त्यांनी फोन केला. "पॅकेजचं वर्ष संपू दे रे," बाई म्हणाल्या. "पैसे भरलेत. पुढचं पुढे बघू." त्या येतील की नाही, भाऊंना कळलं नाही. थोडं वाईट वाटलं. पण मग गवंड्याने हाक मारली आणि ते धावले.

सगळं झालं त्या सकाळी हॉस्पिटलमधली एक नर्स ब्रेक वाजतो म्हणून गाडी घेऊन आली. वहिनी नेहमीसारख्या दहाला आल्या. त्यांनी नव्या दाराकडे नुसतं बघितलं आणि बिलांचा गठ्ठा घेऊन बसल्या. मध्ये एकदा उठून आत गेल्या. कडी लागल्याचा आवाज गाडीखाली भाऊंना आला.

थोड्या वेळाने चाकाचं काम आटपून ते रस्त्याच्या कडेला आले आणि समोरच्या चहावाल्याला रोजच्यासारखी दोन बोटं दाखवली. एक स्वतःला, एक गिऱ्हाइकाला; वहिनी गॅरेजवर कधी चहा घेतच नसत.

मागून वहिनी आल्या. हात उंच करून त्यांनी तीन बोटं दाखवली.

चहावाल्याने पातेलं खाली ठेवून रस्त्यापलीकडून ओरडून विचारलं, "काय भाऊ, पाहुणे आलेत का?"

"नाही रे," भाऊ ओरडले. "घरचंच माणूस आहे!"